अनुश्रीच्या रक्ताचा आकडा

चौबे कॉलोनी, रायपूर
रविवार, ता. २ मार्च २००३

तीर्थरूप गोदूताईच्या पायांवर धाकट्या यशवंताचं डोकं (आता त्याला टक्कल म्हणायला पाहिजे, पण पायावर ठेवायचं म्हटलं की डोकंच म्हणावं लागतं).

तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की पुलगावच्या वैद्याच्या तेलानं दुखणं निम्मं झालं आणि त्याच्या वासानं शेजारीण येईनाशी झाली. दोन्हीकडून फायदाच झाला म्हणायचा. चि. विनायकाच्या दुकानाचं कसं काय? मीराचा खोकला गेला का? तिला म्हणावं, सकाळी गार पाण्यात हात घालणं बंद कर. (ती करणार नाही, मले माहीत आहे, पण मामेसासऱ्याचं काम सांगायचं.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहून टाकतो. खरं काय ते पुढे येतंच.

राजधानी झाल्यापासून रायपूर काही ओळखू येत नाही बाप्पा. दर महिन्याला एक नवं खातं निघतं, त्या खात्याला साहेब येतो, साहेबाला बंगला लागतो, आणि बंगल्याच्या बाहेर पोलीस उभा राहिला की आमच्यासारख्यांचा फिरायला जायचा रस्ता बंद. आपल्या शेखरचं खातं एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरतं. त्याचं टेबल आहे तिथे पूर्वी पेशंटच्या खाटा होत्या म्हणे. त्यामुळेच असेल, पोट्टा ऑफिसातून आला की सरळ आडवा होतो. असो. शेखरचं नाही सांगायचं मले, सुनेचं सांगायचं आहे. आणि सुनेचं सांगता सांगता एका सायकलवाल्या नर्सचं सांगायचं आहे, जिच्यापुढे मी या वयात तोंडात बोट घालून बसलो. अजून काढलं नाही असंच समज.

अनुश्रीला दिवस गेल्याचं तुला दिवाळीतच कळवलं होतं. तारीख एप्रिलच्या शेवटाची आहे. तर डिसेंबरात, पाचवा संपता संपता, डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं, आणि कागदावर आठ पूर्णांक दोन आलं. ताई, मी बत्तीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली. कोणत्या वजनाला कुठवर किती भाडं, हे मले झोपेतून उठवून विचार. पण माणसाच्या रक्तालाही एक आकडा असतो, आणि पोटुशी बाईचा तो अकरा असायला पाहिजे, हे मले एकसष्टाव्या वर्षी कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निदान दहाच्या वर तरी गेलं पाहिजे. नाही गेलं तर बाटल्या चढवाव्या लागतील, बाळ वजनाला कमी भरेल, आणि बाळंतपणात थोडं जरी जास्त रक्त गेलं तरी हिच्या अंगात ते सोसायला काही नाही. हे त्या इतक्या शांतपणे बोलल्या की बाहेर आल्यावर मले स्कूटरची किल्ली सापडेना. दहा मिनिटं शोधली. हातातच होती.

त्या दिवसापासून आमच्या घरात रक्त सोडून दुसरा विषय नाही. डॉक्टरीणबाईंनी पालेभाजी, डाळ, गूळ आणि रक्तवाढीच्या गोळ्या सांगितल्या होत्या, पण आपल्या लोकांचं एका डॉक्टरवर कुठे भागतं? बीट द्या म्हणून कंपाउंडरनं हळूच सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या होमिओपॅथीवाल्यांनी बीट बंद करून डाळिंब सांगितलं. शेखरच्या ऑफिसातल्या एकाचा साडू जनावरांचा डॉक्टर आहे, त्यानंही फोनवरून सल्ला दिला. (तो सल्ला मी कोणाला सांगितला नाही. सरकीच्या ढेपेचा उल्लेख होता.) शेवटी शेखर म्हणाला, बाबा, हे सगळं जुनं झालं, आता याचं शास्त्र निघालं आहे. आणि तो अनुश्रीला घेऊन एका नव्या, काचेच्या दाराच्या हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ मॅडमकडे गेला.

मॅडमनी कॉम्प्युटरवर छापलेला तक्ता दिला. चार पानं, रंगीत, वर सफरचंदाचं चित्र. मी तो देवघरापाशी बसून वाचला, कारण वाचताना तसंच वाटत होतं. सकाळी सातला भिजवलेले अक्रोड. नऊला ओट्स. अकराला अॅव्होकाडो. दुपारी ब्रोकोली. रात्री सॅमन मासा, आणि शाकाहारी असाल तर टोफू. मी पिशवी घेतली आणि गोल बाजार गाठला. किराणावाल्यानं तक्ता हातात घेतला, उलटा करून पाहिला, आणि अतिशय आदरानं मले विचारलं की आपके घर में कोई बाहर देश से आया है क्या. भाजीच्या पसऱ्यावर एक म्हातारी बसते, तिच्याकडून आम्ही वीस वर्षांपासून भाजी घेतो. तिला मी ब्रोकोली समजावली: फुलकोबीसारखीच, पण हिरवी. ती कळवळून म्हणाली, "हरियर गोभी? ओ तो खराब होगे होही बाबूजी, झन लेहू." म्हणजे घेऊ नका, नासलेली असेल. वरून तिनं लाल भाजीच्या चार जुड्या आणि मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, कोवळ्या पाल्याचा एक भारा माझ्या पिशवीत कोंबायला घेतला. मी तो परत केला, तक्त्यात नव्हता म्हणून. टोफू मात्र पंडरीच्या बाजूला एका नव्या दुकानात मिळाला. तुझ्या भावजयीनं, पद्मिनीनं, त्याची रस्सा भाजी केली, आणि आम्ही चौघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत ती खाल्ली. पुन्हा कोणी नाव काढलं नाही.

आता गोळ्यांचं ऐक, कारण खरी गोम तिथे आहे. गोळ्यांचं खातं मी माझ्याकडे घेतलं होतं. रिटायर माणसाला घरात काहीतरी खातं पाहिजे असतं. गोळी तोंडात लोखंडासारखी लागते, पोरीला मळमळून येतं, म्हणून मी एक युक्ती काढली. माझ्या हातचा चहा तुला माहीतच आहे: आलं ठेचून, दूध जास्त, पत्ती जास्त, उकळी तीन. दुपारचं जेवण झालं की मी स्वतः तो चहा करायचो, कप तिच्यासमोर ठेवायचो, बशीत गोळी. ती म्हणायची, "बाबा, आप क्यों करते हो, मैं बना लूँगी." (आपली अनुश्री इथल्या तात्यापारा मोहल्ल्यातली, म्हणजे घरची मराठीच, पण इथली पोरं मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात.) मी म्हणायचो, तू गपचूप पी. चहाच्या घोटाबरोबर गोळी कशी सुरळीत जाते हे पाहून मले इतकं समाधान वाटायचं म्हणून सांगू, जणू मीच ती गोळी शोधून काढली. एक दिवस खाडा नाही, महिनाभर.

जानेवारीच्या शेवटाला पुन्हा रक्त तपासलं. सात पूर्णांक नऊ.

वाढायचं सोडून उतरलं! घरात सुतकासारखं वातावरण. शेखरनं तपासणाऱ्या लॅबवर संशय घेतला आणि दुसरीकडे तपासलं, तिथेही तेच. मी औषधवाल्याकडे जाऊन गोळ्या बनावट आहेत म्हणून भांडलो, इतका की त्यानं मले स्टूल आणि पाणी दिलं. पद्मिनीनं मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली (म्हणजे गॅसवर, आणि मोहरी तडतडून माझ्या शर्टाला भोक पडलं). अनुश्री मागच्या अंगणात पाठमोरी उभी राहून रडत होती, ते मी पाहिलं. मग मी माझ्या परीनं उपाय केला: चहा वाढवला. सकाळी कॅल्शियमची गोळी असायची, तिच्याबरोबरही एक कप सुरू केला.

आणि त्याच आठवड्यातल्या मंगळवारी ममता आली. ममता साहू, सरकारी दवाखान्यातली नर्स, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला घरोघर फिरते. तिशीच्या आतबाहेरची पोट्टी, लेडीज सायकल, हँडलला निळी पिशवी, पायात रबरी चपला. लाज वाटते सांगायला, पण मी तिला बाहेरच्या खोलीतच बसवलं, आणि आम्ही किती मोठमोठ्या लोकांना दाखवून राहिलो हे कळावं म्हणून तो रंगीत तक्ता तिच्या हातात दिला. तिनं चारही पानं वाचली. हसली नाही. नीट घडी करून परत दिला, आणि एकच गोष्ट विचारली, की बहू गोळी कशाबरोबर घेते. मी छाती काढून म्हटलं, मेरे हाथ की चाय के साथ!

तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाली, बाबूजी, एक कप चाय बना दीजिए, बिना दूध की. मले वाटलं पोरगी दमून आली आहे, पाहिजे असेल तिला. मी आनंदानं कोरा चहा करून आणला. तिनं तो प्यायला नाही. तिनं पिशवीतून रक्तवाढीची एक गोळी काढली, तिचा लाल पापुद्रा खरवडला, वाटीनं गोळीची पूड केली, आणि चहात टाकून चमच्यानं ढवळलं.

ताई, चहा काळा झाला. काळा म्हणजे आपण ज्याला काळा चहा म्हणतो तसा नाही. पार्सलांच्या लेबलांवर मी जी शाई वापरायचो, तसा. आम्ही सगळे त्या कपाभोवती उभे. पद्मिनीनं "माय वो" म्हटलं तेवढंच. ममतानं तो कप अनुश्रीला दाखवला, मग मले दाखवला, आणि ज्या आवाजात आपण लहान पोराला समजावतो त्या आवाजात म्हणाली, "पेट मा घलो एही होथे, बाबूजी." पोटातही हेच होतं. चहा गोळीतलं लोखंड धरून ठेवतो, अंगात जाऊच देत नाही. म्हणजे महिनाभर, रोज दुपारी, प्रेमानं, आलं ठेचून, तीन उकळ्या देऊन, मी माझ्या सुनेचं रक्त अडवून धरलं होतं. मी तो कप उचलून मोरीत ओतला.

मले ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. म्हणाली, तुम्ही रोज आठवणीनं देता, असा सासरा मी अख्ख्या वॉर्डात पाहिला नाही, फक्त चहाच्या ठिकाणी लिंबाचं पाणी द्या. चहा गोळीच्या एक तास आधी नाही, एक तास नंतर नाही. कॅल्शियम आणि ही गोळी एका वेळेला नाही. मग स्वैपाकघरात गेली (आता मी स्वतः तिला आत नेलं, पाट मांडून दिला), डबे पाहिले, आणि बोटांवर मोजत सांगू लागली: मुनग्याचा पाला, लाल भाजी, फुटाणे-गूळ, मोड आलेले मूग, जेवताना वरून लिंबू पिळायचं. ब्रोकोलीला तिनं नाव ठेवलं नाही. एवढंच म्हणाली की मिळाली तर खा, नाही मिळाली तर गोल बाजाराच्या पसऱ्यावर सगळं आहे. ताई, काचेच्या दारातून आत जाऊन, रंगीत चार पानं आणून आम्हाला जे कळलं नाही, ते या पोट्टीनं एक प्रश्न विचारून आणि एक कप चहा नासवून दाखवलं. त्या दिवशी मी तिची सायकल फाटकापर्यंत धरून नेली. रेल्वेच्या जीएमची बॅगसुद्धा मी कधी उचलली नव्हती.

मग काय विचारतेस. घड्याळ घेऊन बसलो. पसऱ्यावरच्या म्हातारीकडून मुनगा आणला, मागच्या भाऱ्याबद्दल माफीही मागितली. स्वतः चहा सोडला. (घरात सोडला. सकाळी फिरायला म्हणून स्टेशनपर्यंत जातो, तिथलं मोजू नको.) पंधरा दिवसांनी रक्त आलं आठ पूर्णांक सात! मी कागद घेऊन कॉलोनीभर फिरलो. शेजाऱ्यांना वाटलं शेखरचं प्रमोशन झालं.

पण गेल्या मंगळवारी ममता वजन करायला आली, आणि तिनं अनुश्रीला काट्यावर पुन्हा एकदा चढवलं. महिनाभरात वजन पाव किलोनंही वाढलं नव्हतं. दवाखान्यात आदल्या दिवशी पाहिलेलं रक्तही आठ पूर्णांक सातवरच अडलेलं. तिनं विचारलं, खाती कब है? आता हा काय प्रश्न झाला? जेवायच्या वेळी जेवते. पण कोणालाच नक्की वेळ सांगता येईना, अनुश्रीलासुद्धा. तेव्हा ममता म्हणाली, ठीक है, मैं बैठती हूँ. आणि बाराच्या सुमाराला ती आमच्या स्वैपाकघरात पाटावर बसली, मांडीवर पिशवी घेऊन, आणि नुसती पाहत राहिली.

तिनं काय पाहिलं ते मी चौतीस वर्षांत पाहिलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो. बाराला मी जेवलो. पद्मिनी आणि अनुश्री गरम पोळ्या वाढत होत्या. एकला शेखर एका मित्राला घेऊन आला, ते दोघं जेवले. मग कामवाली भांड्यांना आली, तिला आधी वाढलं. मग ओटा पुसला. मग पद्मिनी अनुश्रीला म्हणाली, "बस वो तू आता, कायले उभी राहतेस." अनुश्री म्हणाली, पहले आप. पद्मिनी म्हणाली, माझं काय, मी बसते आवरून. अनुश्रीनं फडकं घेतलं आणि तीही आवरायला लागली. असं करता करता अडीच वाजले. दोघी बसल्या तेव्हा पोळ्या गार, वरण तळाला, आणि मुनग्याच्या भाजीच्या पातेल्यात फोडणीतल्या मिरच्या. भाजी कुठे गेली? मी दोनदा मागून घेतली होती, रक्ताला चांगली म्हणून. शेखरनं मित्राला आग्रहानं वाढली होती, आमच्याकडची खास म्हणून.

ममता उठली, पातेलं उचललं, बाहेरच्या खोलीत माझ्यापुढे आणून तिरपं केलं आणि म्हणाली, "बाबूजी, खून तो आपका बढ़ रहा है."

हसू नको. (मी पण हसलो होतो. नंतर नाही हसलो.) तिनं फर्मावलं की उद्यापासून बहू बाराच्या पहिल्या पंगतीला बसेल, भाजी आधी तिच्या ताटात. अनुश्री, जी कधी वर मान करून बोलत नाही, ती म्हणाली, "आई के पहले मैं नहीं खाऊँगी." ती पद्मिनीवर इतका जीव लावून आहे हे मले तेव्हा कळलं. ममता पद्मिनीकडे वळली. पद्मिनी म्हणाली, मले जमत नाही बाई, मले सवय नाही. ममतानं तिचा हात हातात घेतला, नखं पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आणि पिशवीतून काचेची बारीक नळी काढून तिच्याही बोटाचा थेंब घेतला. मग कार्डावर काहीतरी लिहून, पुढल्या मंगळवारी येते म्हणून गेली.

आज पाच दिवस झाले. रोज एक नवा प्रयोग करून राहिलो. बुधवारी मी स्वतः दोघींची ताटं वाढून मांडली. दोघींनी माझ्या आग्रहाची तारीफ केली आणि ताटांवर झाकण ठेवून पोळ्या लाटायला गेल्या. गुरुवारी मी भाजीचं पातेलं कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली आणि स्टेशनवर गेलो. (तिथे काही कामासाठी नाही. चहासाठी.) परत येईपर्यंत सगळ्यांचं जेवण किल्लीसाठी अडून बसलेलं. शुक्रवारी शेखरनं लाटणं घेतलं आणि पोळीला असा आकार आला की अनुश्री हसून हसून बसली, तेवढीच बसली. काल मी आवाज चढवला. पद्मिनी शांतपणे म्हणाली, तुम्ही जेवून घ्या, म्हणजे तुमचा राग जाईल. आणि ताई, मी जेवलो. एक म्हणते आधी तुम्ही, दुसरी म्हणते माझं काय, आणि मधल्या मधे एप्रिल जवळ येऊन राहिला. पोटातल्या जिवाला काय माहीत कोण कोणाच्या आधी बसायचं ते.

बाकी सगळं ठीक. पोर पोटात लाथा मारतं म्हणे जोरात. एवढ्याशा रक्तावर एवढ्या लाथा कशा मारून राहिलं ते देव जाणे. मले तर माणसाच्या देहाचंच नवल वाटतं हल्ली, की किती थोडक्यात भागवतो आणि तक्रार करत नाही. विनायकाला आशीर्वाद, मीराला आशीर्वाद, तुझ्या त्या तेलाला नमस्कार. पत्राचं उत्तर आलं तर बरं, नाही आलं तर तू रागावलीस असं समजेन.

तुझाच,
यशवंत

ता. क. खुशालीसाठी एवढं मोठं पत्र मी लिहीत नाही हे तुला कळलंच असेल. खरी गोष्ट आता लिहितो. काल आवाज चढवल्यावर, जेवण झाल्यावर, मी पद्मिनीला जवळ बसवून विचारलं, काहून नाही बसत तू आधी? तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "ताईंनी सांगितलं होतं." एकोणसत्तर साली आमचं लग्न झालं तेव्हा आई नव्हती. तूच पंधरा दिवस राहून तिला घर लावून दिलंस, तूच तिची सासू. तू तिला म्हणालीस की घरातली सगळी जेवल्याशिवाय बाईनं पाटाला पाय लावायचा नाही. तू विसरलीही असशील. ती सतरा वर्षांची होती, तिनं चौतीस वर्षं पाळलं. तुझा शब्द माझ्यानं मोडवत नाही, डॉक्टरीणबाईंच्यानं मोडवणार नाही, ममताच्यानं मोडवणार नाही. तूच मोड. तिच्या नावानं एक कार्ड टाक, फक्त एक ओळ: पद्मिनी, तू आधी जेव. फोन करू नको. फोनवर ती हव हव म्हणते आणि ठेवून देते. तुझ्या अक्षरात पाहिजे. मी ते ओट्याच्या वर भिंतीला चिकटवणार आहे. पद्मिनी बसली की अनुश्री बसेल, अनुश्री बसली की आकडा चढेल. सध्या सगळं तुझ्या पंधरा पैशांच्या कार्डावर येऊन थांबलं आहे. (कार्ड आता महागलं असेल. मी पुष्कळ दिवसांत टाकलं नाही.)

आणखी ता. क. पद्मिनीच्या बोटाचा आकडा वर लिहिला नाही, हात चालला नाही. सहा पूर्णांक नऊ. सुनेपेक्षाही कमी. गच्चीचा जिना चढताना ती मधे कठड्याला धरून उभी राहायची, तेव्हा मी वरून म्हणायचो, काय वो, म्हातारी झालीस. मले वाटायचं वय आहे. ताई, मी रोज तिच्या हातचं गरम खाल्लं, आणि ती काय खाते हे चौतीस वर्षांत एकदा वळून पाहिलं नाही. काल ती झोपल्यावर मले रडू आलं. तिलाही आता त्याच गोळ्या सुरू केल्या आहेत. लिंबाचं पाणी मी देतो.

पाकीट चिकटवता चिकटवता आणखी एक. आई गेल्यावर आम्हा तिघा भावांना तूच वाढायचीस. कोण किती भाकरी खायचं, कोणाला भाजीचा खालचा भाग लागायचा, सगळं मले आठवतं. तू ताटावर बसलेली मात्र आठवत नाही. काल पुष्कळ आठवून पाहिलं, नाही आठवली. तुला ते कोणी सांगितलं होतं गं? तू हल्ली किती वाजता जेवतेस आणि ताटात काय असतं, ते त्याच कार्डावर लिही. आणि खरं लिही. मीरालाही मी वेगळं पत्र टाकलं आहे.